देवीच्या पावतीवरचा ल

साध्या थर्मल प्रिंटरला देवनागरी येत नाही. दुकानात बिल काढून देणारा तो छोटा प्रिंटर इंग्रजी अक्षरं स्वतःच्या पोटातून काढतो, पण त्याला 'अभिषेक' पाठवलं की कागदावर नुसता कचरा येतो. मग उपाय एकच: अख्खी पावती चित्र म्हणून तयार करायची आणि ठिपक्या-ठिपक्यांनी त्याच्या गळी उतरवायची. ८० मिलिमीटरच्या कागदावर एका ओळीत ५७६ ठिपके मावतात, मिलिमीटरला आठ. तेवढ्या रुंदीत देवस्थानचं नाव, सेवा, यजमान, गोत्र, नक्षत्र, तिथी आणि रक्कम बसवायची.

हे काम फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानचं. आमच्याकडे देवस्थान म्हणजे महाजन, कुळावी (ज्यांची ही कुलदेवता ती घराणी), निवडून आलेली समिती आणि वर मामलेदाराची नजर. समितीचे मुखत्यार हौशी. नवरात्रात मखर बघायला गर्दी लोटते, तेव्हा हाताने पावत्या फाडत बसायला नको म्हणून त्यांनी आमच्या ऑफिसला गाठलं. अट एकच होती, पावती मराठीत हवी. बोलणं सगळं कोकणीत चालतं, पण पावत्या, पत्रिका, उत्सवाचे कागद मराठीत निघतात. गोव्यात यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

अक्षरं जुळवायला मी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, घेतली. तयार मोठी साधनं आहेत, पण काउंटरखाली ठेवायची ती रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाची पेटी, त्यात कमीत कमी सामान हवं होतं. शिवाय रक्कम उजवीकडे ठिपक्याला ठिपका लावून संपायला हवी होती, त्यासाठी प्रत्येक आकाराची रुंदी माझ्या हातात असणं बरं. हार्फबझ फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये आहे. म्हणजे तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर ही अक्षरं बहुधा त्यानेच जुळवली आहेत. इतकी वापरातली वस्तू, आणि तिच्या पायथन आवृत्तीची, म्हणजे यूहार्फबझची, माहिती मात्र जवळजवळ एका उदाहरणात आटोपलेली. फॉन्ट उघडा, मजकूर भरा, 'गेस सेगमेंट प्रॉपर्टीज' म्हणा, 'शेप' म्हणा, उत्तरं छापा. मूळ सी लायब्ररीला मॅन्युअल आहे, पण ते सी लिहिणाऱ्यांसाठी.

जुन्या छापखान्यातला कंपोझिटर काय करायचा, ते ही लायब्ररी करते. तिला मजकूर द्यायचा. कोणत्या खणातला खिळा उचलायचा आणि किती सरकवून लावायचा हे ती सांगते. छापणं तिचं काम नाही. 'म्हार्दोळ' घ्या. संगणकाच्या लेखी त्यात नऊ खुणा: म, हलन्त, ह, काना, र, हलन्त, द, ओकार, ळ. यातला 'र' लिहिला जातो 'द'च्या आधी आणि बसतो 'दो'च्या डोक्यावर. हा अदलाबदलीचा खेळ लायब्ररी खेळते आणि परत देते खिळ्यांची यादी.

आता या यादीत खिळ्याचा क्रमांक ज्या खान्यात येतो त्याचं नाव 'कोडपॉइंट'. शेप करायच्या, म्हणजे अक्षरं जुळवायच्या, आधी त्या खान्यात युनिकोडचा, म्हणजे संगणकाने त्या अक्षराला दिलेला, आकडा असतो, 'क'ला २३२५. शेप झाल्यावर त्याच खान्यात, त्याच नावाने, फॉन्टातल्या आकाराचा क्रमांक येऊन बसतो. खाना एक, भाडेकरू दोन. उदाहरणात त्या क्रमांकाला गुपचूप 'जीआयडी', म्हणजे आकाराचा (ग्लिफचा) आयडी, म्हटलंय, एवढाच इशारा. नवख्याने तो आकडा अक्षर समजून फॉन्टकडे मागितला, तर कागदावर कंस, अधिकचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ उमटते.

'क्लस्टर' नावाचा दुसरा आकडा मला फार उपयोगी पडला. 'म्हार्दोळ'मधल्या 'र्दो'चे जेवढे तुकडे पडतील त्या सगळ्यांवर तो ४ लिहितो, कारण मजकुरात त्या जोडाक्षराची सुरुवात चौथ्या जागी आहे, शून्यापासून मोजलं तर. यजमानाचं नाव लांबलं आणि कापावं लागलं, तर जिथे क्लस्टर बदलतो तिथेच कात्री लावायची. नाहीतर रफार एका ओळीत आणि द दुसऱ्या ओळीत. हे मला कुठल्याही मार्गदर्शिकेने शिकवलं नाही, हार्फबझच्या टेस्टच्या फोल्डरने शिकवलं. तिथे एकेका ओळीत फॉन्ट, मजकुराचे युनिकोड आकडे आणि अपेक्षित यादी मांडून ठेवलेली असते. रूक्ष असतं, पण खोटं नसतं. मार्गदर्शिका जुनी होऊ शकते. टेस्ट जुनी झाली तर ती नापास होते आणि कुणीतरी बोंब मारतं.

तर असं सगळं जमवून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पेटी घेऊन देवस्थानात गेले. चौकात मखराचे चांदीचे पत्रे पुसणं चाललं होतं, परतीचा पाऊस अधूनमधून येऊन जात होता. काउंटर अग्रशाळेच्या, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या जागेच्या, पुढच्या खोलीत. तिथे बसणारे काका तरुणपणी पणजीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. पहिली पावती निघाली, 'लघुरुद्र' आणि खाली 'पालखी सेवा'. मुखत्यार खूष. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बाय, हें ल आमचें न्हय."

मी पाहिलं. खरंच. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. पावतीवर होता तो दंडाचा, हिंदीच्या पुस्तकातला. 'शके'मधला शही हिंदी वळणाचा. गंमत म्हणजे ऑफिसात याच प्रिंटरवर, याच प्रोग्रामने, माझ्या लॅपटॉपवरून काढलेल्या पावत्या माझ्या पिशवीत होत्या आणि त्यांच्यावर पाकळीचाच ल होता. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाकी ठिपक्याचा फरक नाही.

"ल तो ल, लोक वाचतील की," मुखत्यार म्हणाले. त्यांची घाई मला समजत होती, दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांग लागणार होती. पण काका ऐकेनात. "शाळेच्या पोराने असा ल काढला तर मास्तर कान पिळायचा," म्हणाले. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही मराठीसाठी पाकळीचाच ल धरला आहे, हे मला ठाऊक होतं. काकांना असल्या निर्णयाची गरज नव्हती.

पहिला संशय फॉन्टवर. दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइल तीच आहे का हे सांगणारा आकडा, काढला, तंतोतंत एक. मग लायब्ररीची आवृत्ती, तीही एक. मग हार्फबझबरोबर येणारं 'एचबी-शेप' हे कमांडलाइनचं साधन काढलं, म्हणजे माझा प्रोग्राम बाजूला राहतो आणि लायब्ररी एकटी बोलते. दोन्ही यंत्रांवर तीच कमांड, तोच फॉन्ट, तोच शब्द: 'पालखी'. लॅपटॉपने 'ल'साठी एक आकार सांगितला, पेटीने दुसरा. म्हणजे फॉन्टात दोन्ही ल आहेत आणि लायब्ररीच दोन ठिकाणी दोन उत्तरं देते आहे. इथे मला खरं तर बरं वाटलं. माझ्या कोडात भूत नाही, एवढं ठरलं.

कमांडला '--लँग्वेज' नावाचा पर्याय असतो. पेटीवर तिथे मराठीचा संकेत 'एमआर' दिला आणि चटकन पाकळीचा ल आला. मग न देता तो कुठून ठरतो? उदाहरणातल्या त्या 'गेस'वर, म्हणजे अंदाजावर, बोट ठेवायला हवं होतं. मजकूर बघून लिपी देवनागरी आहे, दिशा डावीकडून उजवीकडे आहे, हे ओळखता येतं. पण देवनागरी बघून मराठी की हिंदी की नेपाळी हे कसं ओळखणार?

अग्रशाळेत फोनला रेंज नाही. दीपस्तंभाच्या ओट्यावर छत्री धरून बसले तेव्हा दोन काड्या आल्या आणि मी गिटहबवर सोर्स उघडला. पायथनच्या बाजूला त्या फंक्शनात काहीच नाही, एका ओळीत सीच्या फंक्शनला हाक. सीच्या बाजूला उत्तर होतं, आणि खरं सांगायचं तर तिथल्या टिपेत ते नीट लिहिलेलंही आहे: भाषा दिली नसेल तर चालू प्रक्रियेची ठरावीक भाषा घ्यायची. ती येते लोकेलमधून, म्हणजे संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमधून. म्हणजे लायब्ररी मजकूर वाचून भाषा ओळखतच नाही; संगणक कुठल्या भाषेचा आहे ते विचारते आणि मजकूरही त्याच भाषेचा धरते.

माझा लॅपटॉप मी हौसेने मराठीत ठेवलेला, भारतातल्या मराठीचं लोकेल. रास्पबेरी पायची यंत्रणा येतानाच ब्रिटिश इंग्रजीचं लोकेल घेऊन येते. देवीची पालखी ब्रिटिश इंग्रजी म्हणून जुळवली जात होती. फॉन्टात इंग्रजीसाठी देवनागरीचे वेगळे आकार कशाला असतील? मग तो आपला नेहमीचा, म्हणजे हिंदी वळणाचा ल उचलून देत होता. मराठी म्हटलं तरच फॉन्टातला 'लोकल' नावाचा नियम जागा होतो आणि ल, श बदलतात.

माझ्या मते त्या फंक्शनच्या नावात 'गेस' आहे हे प्रामाणिकच आहे. उदाहरणात ते इतक्या सहजी वापरलंय, तिथे एक ओळ जास्त लिहायला हवी होती. इंग्रजी छापणाऱ्याला ती ओळ जन्मात लागणार नाही. हिंदीवाल्यालाही बहुधा नाही. मराठी आणि नेपाळीवाला तेवढा अडतो.

दुरुस्ती तीन ओळींची: भाषा 'एमआर', लिपी 'देवा', दिशा डावीकडून उजवीकडे. 'गेस'ला निरोप. पेटीचं लोकेल बदलूनही काम झालं असतं, पण उद्या कुणी दुसरी पेटी बसवली की पुन्हा तेच. ओट्यावरून उठून आत आले, पावती काढली, काकांनी मान डोलावली आणि लगेच दुसरी ओळ दाखवली. "आणि हे?"

'गाभार्यातील अभिषेक'. सूर्यातल्यासारखा रफार, जिथे 'गाभाऱ्यातील' हवं. सेवांची यादी जुन्या एक्सेलमधून आली होती. तिथे हा पापणीचा र 'र', हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण अशा पद्धतीने टाइप केलेला, आणि यादी कधीतरी कुणीतरी 'साफ' केली तेव्हा ती न दिसणारी खूण कचरा म्हणून गेली. यात लायब्ररीचा काही दोष नाही. तिला जे दिलं ते तिने नियमाने जुळवलं. मी यादीत अशा जागी नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त घातला. त्यात हरवण्यासारखं अदृश्य काही नसतं. काकांनी सगळ्या सेवा आणि पत्त्यांसाठी ठेवलेली गावांची नावं एकदा छापून घेतली आणि लाल पेनाने तपासली, गॅली प्रूफ तपासावं तशी. एकही सोडली नाही. मुखत्यार तोवर दोनदा चहा सांगून गेले.

शेवटी राहिली पावतीच्या तळाची ओळ. ती मुखत्यारांनी मुद्दाम कोकणीत घातली होती: 'प्रसाद सांजे सात वरांचेर मेळटलो.' आता कोकणीला हार्फबझमध्ये वेगळा संकेत आहे, 'केओके'. इमानदारीने तो दिला आणि 'मेळटलो'मध्ये पुन्हा दंडाचा ल हजर. या फॉन्टात मराठीची सोय आहे, कोकणीची नाही. अनोळखी भाषा दिली की तो परत आपल्या मूळ वळणावर जातो. काकांना कोकणीतही पाकळीचाच ल हवा होता, आणि हवाच. मग मी त्या ओळीलाही 'एमआर' लावला.

काकांना विचारलं, कोकणी ओळ आत मराठी म्हणून नोंदवली आहे, चालेल ना? १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून कोकणी-मराठीच्या विषयावर आमच्याकडे काय काय झालंय ते त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी मुखत्यार लांब आहेत ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "दिसता तें बरें दिसता न्हय? मग खंय सांगूं नाका."

कोडात त्या ओळीशेजारी मी टिप्पणी लिहून ठेवली आहे: फॉन्टात कोकणी आली की संकेत बदलणे. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली, तेव्हा पहिली तक्रार आली ती गोत्राची अक्षरं फार बारीक आहेत अशी.