तंबोरा मधेच कुठे जातो?

मिरज तालुक्यातल्या मुलांना तंबोरा काय असतो हे सांगावं लागत नाही. सतारमेकरांच्या दुकानांत टांगलेले भोपळे त्यांनी येता-जाता पाहिलेले असतात, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घरात कुणी ना कुणी घेतलेलं असतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या शाळेच्या परिपाठात त्यावर मुलं बोलली होती. रोजच्या सरावाला मात्र मोबाइलमधला तंबोरा. तासिका छोटी, चार तारा जुळवेपर्यंत घंटा व्हायची. म्हणून स्पीकर जोडायचा, काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी, तोच आमचा ‘सा’) लावायची आणि सुरू.

त्या दिवशी समूहगानासाठी आवाज निवडायचे होते. रांगेत आठवीतली एक मुलगी होती, दोन्ही कानांना मशीन लावणारी. तिला स्टेजवर फलक धरायला उभं करावं, असं आमच्यातल्याच कुणीतरी सुचवून ठेवलं होतं. सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला सगळ्यांत घ्यावं एवढंच होतं. पण फलक धरणं म्हणजे गाणं नव्हे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा शाळेत नुसता प्रवेश देऊन थांबत नाही. खेळात, करमणुकीत इतर मुलांच्या बरोबरीची संधी द्या म्हणतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती रांगेत उभी होती ती गायलाच.

तिनं ‘सा’ लावला. स्वच्छ, नेमका काळी पाचचा. मी मान वर केली. पुढच्या काही क्षणांत तो सूर खाली घसरला, आणि मग घसरतच गेला. पुन्हा म्हणायला सांगितलं, पुन्हा तेच. ज्याला सूर कळतच नाही त्याचा पहिला ‘सा’ असा लागत नाही, मग हे काय? तिला विचारलं, “मधेच काय होतं गं?”

“मॅडम, तंबोरा थांबतो ना मधे.”

मागची पोरं हसली. तंबोरा चालूच होता, सगळ्या खोलीला ऐकू येत होता. तिनं सांगितलं, सुरू केला की येतो, मग पातळ पातळ होत जातो.

मी मोबाइल बंद केला, थोडं थांबून पुन्हा सुरू केला. तिचा ‘सा’ जागेवर. चालू ठेवला तर खाली. मुलांनाही आता यात रस आला. हसणं थांबलं आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. जितक्या वेळा मी तंबोरा नव्यानं सुरू करत होते तितक्या वेळा तिचा सूर बरोबर होता. ती बेसूर नव्हती. तिच्यापुढून आधार निघून जात होता.

आमच्याकडे समावेशित शिक्षणाचे फिरते विशेष शिक्षक येतात. मधल्या सुट्टीत त्यांना फोन लावला. त्यांनी जे सांगितलं ते संगीत शिकवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. डिजिटल श्रवणयंत्र बोलणं कळावं म्हणून घडवलेलं असतं. पंख्याची घरघर, गाडीचं इंजिन, असा एकसारखा चालणारा आवाज ते गोंगाट समजून दाबत जातं. तंबोऱ्याचा नाद एकसारखाच असतो, तोच त्याचा गुण. यंत्र शिट्टी मारू नये म्हणून त्यात आणखी एक सोय असते. बासरी किंवा पेटीचा लांब स्वरसुद्धा त्या सोयीला कधीकधी शिट्टी वाटतो. म्हणजे ज्या दोन आधारांवर आपण गाणं शिकवतो, ते दोन्ही त्या यंत्राच्या लेखी अडथळे. बऱ्याच यंत्रांत श्रवणतज्ज्ञ गाण्यासाठी वेगळी जुळणी करून देऊ शकतात. ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी ती असते हे आधी कळावं लागतं.

ही जुळणी काही त्याच दिवशी होणार नव्हती. सराव दुपारी होता. तिला पेटीच्या लाकडावर तळवा ठेवायला सांगितला. त्वचेला कंपन सगळ्यात चांगलं कळतं ते साधारण 250 हर्ट्झच्या आसपास, आणि आमची काळी पाच 233 ची. स्वर हाताला लागत होता. तिचा चेहराच सांगत होता. पण पेटीला हात लावून गटात उभं कसं राहणार? मी मुलांना म्हटलं, असं वाद्य पाहिजे जे स्वर धरून ठेवतं पण पुन्हा पुन्हा नव्यानं वाजतं. टण, टण, टण. प्रत्येक ठोका नवा, म्हणजे यंत्र त्याला इतक्या सहज गोंगाट समजणार नाही.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “तुणतुणं चालंल का? आमच्या घरात हाय.”

त्याच्या घरचे देवीचा गोंधळ घालतात. शाळेत हे तो कधी बोलला नव्हता, आणि त्याचा आवाज फुटायला लागल्यापासून गाण्याच्या तासाला तो तोंडही उघडत नव्हता. घर जवळच, सायकलवर गेला आणि घेऊन आला. लाकडी नळकांडं, खाली कातडं, बाजूला बांबूची काठी, वर खुंटी, एकच तार. तार त्यानंच काळी पाचला लावली, पेटीकडे न बघता, मी नुसता स्वर दिला तेवढ्यावर. संगीताच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेला बसलेल्या मुलांना अजून हे जमत नाही.

तुणतुणं तिच्याजवळ उभं राहून तो वाजवू लागला. तिनं ‘सा’ लावला आणि तो तिथंच राहिला. मग सा रे ग म, मग गाण्याचं ध्रुवपद. वरच्या पंचमाला थोडी कमी पडली, तशा आणखी दोघी पडल्या. मी तिघींचीही नावं यादीत घातली.

सूर लावायला तंबोराच हवा, असं माझ्या शिक्षणात कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं, तरी तुणतुण्याला संगीताच्या खोलीचं दार कधी उघडलं नव्हतं. गोंधळात, पोवाड्यात ते पिढ्यान्‌पिढ्या गायकाला स्वर आणि लय दोन्ही देत आलंय. दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात, पण खोलीत ठेवलेली वाद्यं म्हणजे पेटी, तबला, झांजा. हे मला खटकतं आणि मी ते मुख्याध्यापकांना लिहूनही दिलंय.

तिच्या आईला शाळेत बोलावून यंत्राच्या जुळणीचं सगळं समजावलं. त्यांनी शहरातल्या श्रवणतज्ज्ञांची वेळ घेतलीय, मीही बरोबर जाणार आहे, मोबाइलमधला तंबोरा आणि पेटीचं रेकॉर्डिंग घेऊन, म्हणजे जुळणी तिथंच ऐकून करता येईल. सध्या गट तुणतुण्यावरच सराव करतो. त्यातून नवी अडचण निघालीय: तुणतुणंवाला मुलगाच आता गायचं म्हणतो, आणि त्याच्यासारखे आवाज फुटलेले आणखी चौघे मागं लागलेत. काळी पाच त्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी खालच्या पट्टीतला वेगळा भाग बसवायला घेतलाय. वाजवायला आता सातवीतली एक मुलगी शिकतेय, आणि खालच्या पट्टीसाठी दुसरं तुणतुणं मुलाचे वडील बनवून देणार आहेत.