तामाले: पंख्याच्या भरवशावर जाऊ नका

"राहायची सोय साधी आहे, पण पंखा आहे," असं मला निघण्याआधी कळवलं होतं. पंखा होता, खोटं कशाला बोलू. पण घानाच्या उत्तरेकडच्या तामालेत मार्च महिन्यात रात्री दहा-साडेदहाला वीज गेली की तो पहाटेपर्यंत नुसता लटकत असायचा. या प्रकाराला तिथे 'डुमसोर' म्हणतात. घानातल्या ट्वी भाषेत डुम म्हणजे विझवणं, सोर म्हणजे पेटवणं. आमच्या वाट्याला डुमच जास्त आलं.

सहा आठवडे शाळेत शिकवायला गेले होते. शिकवणं छान झालं, मुलं गोड होती. एका शनिवार-रविवारी मोले अभयारण्यात हत्तीही पाहिले. झालं. आता रात्रींबद्दल.

खोलीला पत्र्याचं छप्पर आणि एकच खिडकी. दुपारी बाहेर ४० अंश, आणि तो पत्रा मध्यरात्र उलटेपर्यंत दिवसभराचं ऊन वरून ओतत राहतो. पहिल्या तीन रात्री फरशीवर लोळून काढल्या आणि चौथ्या दिवशी परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का, याची चौकशी केली. आंघोळीनं तरी बरं वाटेल म्हणून संध्याकाळी नळ सोडला, तर चटका बसला. काळी टाकी दिवसभर उन्हात, दुसरं काय होणार?

शेजारच्या खोलीतल्या शिक्षिकेनं माझी दशा पाहून मला बादलीची रीत शिकवली. पहाटे पाचला, टाकी थंड असताना बादली भरायची, झाकण लावून पलंगाखाली सरकवायची आणि दिवसभर तिला हात लावायचा नाही. रात्री नऊला त्यातले पाच तांबे अंगावर. पहिला तांबा पाठीवर पडला तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. उरलेल्या पाण्यात सुती पंचा भिजवून, पिळून अंगावर घ्यायचा. तिथली हवा कोरडी, त्यामुळे पंचा भराभर वाळतो आणि वाळताना गारवा देतो. तासाभरानं पुन्हा भिजवा. राजधानी अक्रात मात्र हे करू नका; समुद्रकाठच्या दमट हवेत नुसती चिकचिक होते.

दुसऱ्या आठवड्यापासून अंगणात झोपायला लागले, मच्छरदाणी बांधूनच. मलेरियाचा डास रात्रीच चावतो, त्यामुळे वारा अडतो म्हणून जाळी वर करणं हा निव्वळ मूर्खपणा. मी तो दोन रात्री केला. जाळी बांधायला लांब दोरी घरूनच न्या.

दुपारसाठी 'प्युअर वॉटर', म्हणजे अर्ध्या लिटरची पाण्याची पिशवी. कोपरा दातानं फाडून प्यायची. गोठवलेली मिळाली तर आधी मानेवर ठेवा, मग प्या.

फसले कुठे, तर टॅक्सीत. ड्रायव्हरनं विचारलं, "ड्रॉपिंग?" मला वाटलं, सोडायचं का असं विचारतोय. हो म्हटलं. तिथे ड्रॉपिंग म्हणजे अख्खी गाडी एकट्यासाठी! शेअरच्या सीटच्या चौपट पैसे मोजले आणि वर वाद घातला तो वेगळाच. ड्रॉपिंग नको असेल तर चढण्याआधीच सांगा. शहरात तिचाकी 'यलो-यलो' बरी, पण तिचंही भाडं आधी ठरवा.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, घानात शिरताना लागतंच, भारतात परततानाही मागतात. ते बॅगेत तळाशी टाकू नका. अक्रा ते तामाले एसी बसला बारा-तेरा तास लागतात, आणि आत इतकी थंडी की शाल हवीच. हो, शाल.

महिना निवडणं तुमच्या हातात असेल तर मार्च-एप्रिल सरळ टाळा. नसेल, तर झाकणाची निळी बादली मी तिथेच ठेवून आलेय, डावीकडून दुसरी खोली, पलंगाखाली. पहाटे भरा.