हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात

मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांच्या, गटकर्जाला तारण लागत नाही, असे गावोगावी सांगितले जाते आणि कागदोपत्री ते खरेही आहे. घर नको, सोने नको, सातबारा नको. आधार कार्ड, फोटो आणि गटातल्या इतर बायकांचा शब्द एवढ्यावर तीस-चाळीस हजार रुपये मिळतात. हे बिनतारणाचे कर्ज मग वसूल कशाच्या जोरावर होते, ते मी सांगली जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी जवळून पाहिले आहे. ते बाईच्या अब्रूच्या जोरावर वसूल होते. ही रीत बंद व्हावी असे मला मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

ठरलेल्या दिवशी सकाळी गटातल्या एखादीच्या ओसरीवर मीटिंग भरते. बायका लोन कार्ड आणि मोजून आणलेले पैसे घेऊन बसतात, आणि वसुलीला आलेला मुलगा, ज्याला वयाने दुप्पट असलेल्या बायकाही ‘सर’ म्हणतात, नोटा मोजून टॅबवर नोंद करत जातो. एकीचा हप्ता कमी पडला की मीटिंग उठत नाही. मी पाहिलेल्या एका मीटिंगमध्ये ज्या काकूंकडे पैसे नव्हते, त्यांच्या गवंडीकाम करणाऱ्या नवऱ्याचा पाय मोडला होता आणि घरात दोन महिने मजुरी आलेली नव्हती. सर ओरडले नाहीत, अपशब्दही बोलले नाहीत. “मावशी, मला ब्रँचला पूर्ण कलेक्शन दाखवावं लागतं. तुम्ही सगळ्या मिळून काय ते ठरवा, मी थांबतो,” एवढेच म्हणून ते भिंतीला टेकून बसून राहिले.

पुढचे काम बायकांनीच केले. कुणाला भांगलणीला जायचे होते, कुणाच्या पोरांच्या शाळेची वेळ झाली होती. पहिल्यांदा “बघ की गं, कुणाकडनं तरी उसनं घे” असे समजुतीने सांगणे झाले. मग “तुझ्यापायी आमचा रोज बुडतोय” हे झाले. आणि शेवटी काकूंच्या सख्ख्या जावेनेच “शिलाई मशीन हाय की घरात” असे सर्वांदेखत म्हटले. गटप्रमुखाने प्रत्येकीकडून शंभर-शंभर गोळा करून हप्ता पुरा केला आणि सर पुढच्या गावाला निघून गेले. काकूंनी त्यानंतर हळदीकुंकवाला जाणेही सोडले, कारण ज्यांच्या घरी जायचे त्या सगळ्यांचे शंभर रुपये त्यांच्या अंगावर होते.

रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये काढलेले आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून लागू झालेले सूक्ष्म कर्जाचे निर्देश वाचले, तर त्यात चांगल्या तरतुदी पुष्कळ आहेत. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. वसुली कर्जदार आणि कंपनी या दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागीच व्हावी, आणि कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही तरच कर्मचाऱ्याने घरी किंवा कामावर जावे. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करू नये. धमकी देऊ नये, नातेवाईक आणि सोबत काम करणाऱ्यांना छळू नये, कर्जदारांची नावे जाहीर करू नयेत. मात्र कर्मचारी शांतपणे बसून राहतो आणि शेजारणीच एकमेकींना घेरतात, तेव्हा यातले कोणते कलम मोडले, हे दाखवणे कठीण होऊन बसते.

त्या मुलाबद्दलही मला राग नाही. वसुलीला येणारी बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतली, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली असतात. दिवसभर मोटारसायकलवर रोख रक्कम बाळगून आडरस्त्याने फिरतात, आणि संध्याकाळी ब्रँचमध्ये थकबाकीचा आकडा दिसला की त्यांचीही सर्वांसमक्ष हजेरी घेतली जाते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने चुकलेला हप्ता कधी कधी स्वतःच्या खिशातून भरल्याचे मला सांगितले, कारण वरिष्ठांचे बोलणे ऐकण्यापेक्षा त्याला ते सोपे वाटे. कर्ज देण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, ती माणसे त्या ओसरीवर कधीच येत नाहीत.

धनको दारात बसून राहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मराठेशाहीत थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरत, आणि 1860 च्या भारतीय दंड संहितेत देवाच्या कोपाची भीती घालण्यासाठी दुसऱ्याच्या दारी धरणे धरणे हा गुन्हा म्हणून उदाहरणासह नोंदवला गेला. पुढे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चालून जाऊन कर्जाची खतपत्रे मागितली आणि जाळली, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासायला लावले आणि शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करण्यास मनाई केली. तेव्हाचे भांडण निदान सरळ होते, सावकार एका बाजूला आणि कुळे दुसऱ्या बाजूला. आजच्या गटकर्जात दोन्ही बाजूंना गावातल्याच बायका असतात, म्हणून त्यातली जखम अधिक खोल जाते.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. नोटाबंदीनंतर विदर्भात हप्ते थांबले, मोर्चे निघाले, आणि “भरू नका” असे सांगणारेही पुढे आले. पण थकबाकीची नोंद पडते ती बाईच्या नावावर, सल्ला देणाऱ्याच्या नाही. मात्र केवळ हप्ता थकला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, हे प्रत्येक बाईला ठाऊक असले पाहिजे. थकबाकी हा दिवाणी मामला आहे. चेक न वटण्याचे प्रकरण वेगळे. बळजबरीने वसुली करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2007 साली बजावले आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी, पोच घ्यावी, आणि 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी 14448 या क्रमांकावर माहिती मिळते.

आमच्या गटातल्या बायकांनी मागच्या पावसाळ्यात एक कागद लिहिला आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे करून ब्रँच मॅनेजरला दिला. एखादीचा हप्ता चुकला तर तिच्याशी बोलणे कंपनीने करावे, आम्ही तिच्या दारात बसणार नाही, आणि ठरलेल्या वेळेनंतर मीटिंगमध्ये थांबणार नाही, असे त्यात आहे. मॅनेजरने पोच दिली, पण नवे कर्ज देताना विचार करावा लागेल, असेही सुनावले. दोघी-तिघींनी त्यावर सही मागे घेण्याची भाषा केली, आणि त्यांना पुन्हा समजावण्याचे काम अजून चालू आहे.