सड्यावरची आरएक्स

आज गुहागरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमच्या बाइक क्लबचा सराव. तोंडभर जांभ्याची धूळ, आणि सगळ्यांची नजर काकांच्या यामाहा आरएक्स १०० बाइकवर. १९९६ ला बंद झालेलं मॉडेल. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, धूर निघणारच की! पण पोरं ऐकतात होय?

"काका, गाडी आणलीत की काजूची भट्टी?"

"मेल्यांनो, धूर दिसतो म्हणजे तुम्ही माझ्या मागे आहात!"

पुढच्याच फेरीत चिडवणाऱ्याची चेन तुटली. काकांनीच गुडघे टेकून चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) बसवलं, क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवून. वर पाठीत एक धपाटा. असली माणसं मिळायला नशीब लागतं राव. पुढच्या रविवारी काकांच्या गाडीचं ऑइल माझ्याकडून!