ठासणीची बंदूक निवडताना: आधी गोळी, मग नळी

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचे हंगाम हत्यारानुसार वाटून दिलेले असतात. धनुष्यबाणाचा वेगळा, ठासणीच्या बंदुकीचा वेगळा आणि आजच्या रायफलींचे त्यानंतर. ठासणीचा हंगाम सप्टेंबरात येतो, जेमतेम नऊ दिवसांचा. डोंगर अजून बर्फाखाली गेलेले नसतात, अ‍ॅस्पेनची पानं पिवळी पडायला लागलेली असतात आणि नर एल्क शिटीसारखी लांबलचक आरोळी देत माद्यांमागे फिरत असतात. रायफलवाल्यांची गर्दी नसते. मला हाच हंगाम हवा होता. परवाना फक्त ड्रॉमधून मिळतो, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला करायचा असतो. मी मादी एल्कसाठी अर्ज केला, नाव लागलं आणि खरं काम सुरू झालं. बंदूक कुठली घ्यायची आणि तिच्यात ठासायची गोळी कुठली?

ठासणीची बंदूक मला अनोळखी नव्हती. कुडाळकडे आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची एक होती. भात पिकायला आलं की रानडुकरांना हुसकावण्यासाठी ते रात्री माळ्यावरून बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. त्यामुळे शिकार मी शिकले ती इथे, शिकारी सुरक्षेचा कोर्स करून. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही त्या प्रमाणपत्राशिवाय कोलोराडोत शिकारीचा परवाना मिळत नाही. आजोबांची नळी आतून गुळगुळीत होती, छऱ्यांसाठी केलेली. मला हवी होती ती आतून पीळ असलेली रायफल. पण क्रम तोच: आधी दारू, वर गोळी, गजाने ठासायची आणि शेवटी केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, चढवायची.

निम्मी निवड नियमांनीच करून टाकली. एल्कसाठी कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, किमान .50 इंच हवं. .50 पर्यंतच्या गोळीचं वजन किमान 170 ग्रेन हवं, म्हणजे साधारण 11 ग्रॅम. सॅबोत, म्हणजे प्लास्टिकच्या टोपणात, बसवलेली लहान गोळी या हंगामात चालत नाही. दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, सुटीच दारू मोजून ओतायची. धूररहित दारू तर मुळीच नाही. ती अशा बंदुकीत भरली तर नळी फुटून जीव जाऊ शकतो. दुर्बीणही चालत नाही, नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीवर नेम धरायचा. दुकानातल्या मांडणीवरच्या अर्ध्याअधिक वस्तू या हंगामासाठी तिथेच बाद होतात. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचं त्या वर्षीचं नियमपत्रक आधी वाचावं. या बाबतीत राज्याराज्यांत बराच फरक आहे.

बहुतेक जण आधी बंदूक पसंत करतात आणि मग तिला गोळ्या शोधत बसतात. मला हे उलटं वाटतं. प्राणी कोणता, किती अंतरावरून, आणि माझ्या खांद्याला किती धक्का सोसतो, यावरून गोळी ठरते. गोळीची लांबी ठरली की नळीला किती पीळ हवा ते ठरतं. त्यानंतर बंदूक.

मादी एल्क सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. हाडं जाड, फुफ्फुसांवर मांसाचा आणि बरगड्यांचा चांगलाच थर. .50 ची गोल गोळी सुमारे 177 ग्रेनची, म्हणजे नियमात कशीबशी बसणारी. हरणासाठी ती उत्तम आहे आणि जवळून एल्कही तिने पडतो. पण गोल गोळी हवेत वेग फार लवकर गमावते आणि हलकी असल्याने खोल शिरायला तिच्याकडे जोर उरत नाही. मला जनावर जखमी होऊन डोंगरात भटकणं नको होतं, म्हणून मी कोनिकलकडे वळले. कोनिकल म्हणजे लांबट, पुढे निमुळती, शुद्ध मऊ शिशाची गोळी. तेवढ्याच जाडीच्या नळीतून ती गोल गोळीच्या दुप्पट वजनाची उडवता येते. वेग कमी असतो, पण वजनाच्या बळावर ती आरपार जाते.

यातही प्रकार पुष्कळ. थॉम्पसन सेंटरची 370 ग्रेनची मॅक्सी-बॉल, हॉर्नडीची बुडाला पोकळ असलेली 385 ग्रेनची ग्रेट प्लेन्स, बुडाशी प्लास्टिकची चकती असलेल्या पॉवरबेल्ट, आणि ज्यांना वजनाची हौस आहे त्यांच्यासाठी साडेचारशे ग्रेनच्या पुढच्या ओतीव गोळ्या. शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक गेली कित्येक वर्षं ठासणीनेच शिकार करतात. त्यांच्याकडे ली कंपनीच्या साच्यात घरी ओतलेल्या 320 ग्रेनच्या ‘रिअल’ गोळ्या होत्या. या गोळीला कडी असतात, वरची खालच्यापेक्षा किंचित जाड. ठासताना नळीतल्या खाचा त्या कड्यांवर कोरल्या जातात आणि गोळी पकडून बसते. त्यासाठी शिसं मऊच हवं. नखाने ओरखडा उठला पाहिजे. जुन्या गाड्यांच्या चाकांवरची वजनं वितळवून ओतलेलं शिसं कडक असतं, ते ठासताना हात भरून येतात आणि नेमही बिघडतो.

आता पीळ. नळीतल्या खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्यावर गोळीची फिरकी ठरते. भोवरा जसा पुरेसा फिरला नाही की डुलायला लागतो, तशीच लांब गोळी कमी पिळाच्या नळीतून आडवी-तिडवी जाते. गोल गोळीला 60 किंवा 66 इंचांत एक फेरा पुरतो. लांब, जड कोनिकलला 28 किंवा 32 इंचांत एक हवा. 48 इंचांत एक हा मधला मार्ग. त्यातून गोल गोळीही बरी जाते आणि आखूड कोनिकलही. दुकानात बंदूक उचलली की मी सर्वात आधी नळीवर कोरलेला हा आकडा बघते. लाकूड, पितळ, नक्षी नंतर.

मी तीन बंदुका हाताळल्या. पहिली लायमनची ग्रेट प्लेन्स हंटर, 32 इंचांत एक फेरा, सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या जुन्या रायफलींच्या वळणाची. दिसायला अप्रतिम. पण लांब आणि जड, आणि तिच्या दस्त्याचं टोक वक्र पोलादी पट्टीचं. माझा बांधा लहान आहे. जड कोनिकल उडवली की त्या पट्टीची दोन्ही टोकं खांद्यात घुसत होती. दुसरी आजच्या पद्धतीची इनलाइन, म्हणजे ठिणगी नळीच्या सरळ मागून देणारी, केपेऐवजी शॉटगनच्या 209 प्रायमरवर चालणारी, 28 इंचांत एक फेरा. साफ करायला सोपी, पावसात भरवशाची, जड गोळ्या अचूक टाकणारी. ज्यांना फक्त मांस घरी आणायचं आहे आणि खटाटोप नको, त्यांना मी हीच घ्या म्हणेन. मला मात्र डोळ्यांसमोर केपेवर आपटणारा बंदुकीचा घोडा आणि बाहेर दिसणारी केप हवी होती. ही आवड आहे, त्याला याहून मोठं कारण नाही. तिसरी लायमनची डिअरस्टॉकर: बाजूला घोडा, 24 इंचांची आखूड नळी, 48 इंचांत एक फेरा आणि दस्त्याला रबराची गादी. ती खांद्याला लावली आणि गाल आपसूक जागेवर बसला. आखूड 320 ग्रेनच्या गोळीला तिचा पीळ पुरेसा होता. जुन्या बाजारात एक चांगली मिळाली. नळीत प्रकाश टाकून गंज तपासला, केप बसते ती निपल काढून आटे पाहिले, घोडा अर्ध्यावर अडवून चाप ओढून बघितला. तो पडला नाही, तेव्हा पैसे दिले.

परदेशी नागरिकांसाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या 1968 च्या बंदूक कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका साध्या बंदुकांच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. पण राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात. व्हिसावर असाल तर विकत घेण्याआधी वकिलाला विचारा.

मग उन्हाळाभर सराव. दारू दोन एफची, म्हणजे मध्यम दाण्यांची, काळी, मापातून मोजलेली. कुप्पीतून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर हातातली अख्खी कुप्पी पेटते. मी 60 ग्रेनपासून सुरुवात केली आणि पाच-पाचने वाढवत गेले. 80 वर गोळ्या सर्वात जवळजवळ बसल्या. 90 वर धक्का वाढला आणि गोळ्या विखुरल्या. जास्त दारू म्हणजे जास्त मार, ही समजूत कागदावरच्या भोकांनी खोटी ठरवली. दारू आणि गोळी यांच्यामध्ये लोकरीच्या नमद्याची चकती ठेवल्यावर नेम आणखी सुधारला, कारण गोळीचं बूड गरम वायूने खरवडलं जात नाही. प्रत्येक बार काढल्यावर किंचित ओल्या चिंधीने नळी पुसली. नाही पुसली, तर काजळी साचून पुढची गोळी मध्येच अडते. गोळी दारूवर टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर बार उडताना नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून गोळी नीट टेकल्यावर गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करून ठेवली. शिकारीत बंदूक तोंड खाली करून चालताना कोनिकल हळूहळू पुढे सरकू शकते, तेव्हा ही खूण पुन्हा पुन्हा पडताळायची.

काजळी मऊ राहावी म्हणून गोळीला वंगण लावावं लागतं. मेण आणि चरबी एकत्र वितळवून शेजाऱ्यांनी ते केलं, तेव्हा मला 1857 आठवल्याशिवाय राहिलं नाही. फ्रान्सच्या मिनिएने 1849 च्या सुमारास बुडाला पोकळ अशी लांबट गोळी पुढे आणली आणि पिळाची बंदूक झटपट ठासता येऊ लागली. त्याच घराण्यातली .577 ची एनफिल्ड 1853 साली आली. तिच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून शिपायांमध्ये असंतोष पसरला आणि 29 मार्च 1857 रोजी बराकपूरला मंगल पांडेंनी हत्यार उचललं. ती चरबी गाईची की डुकराची, हा प्रश्न दाताने काडतूस फाडणाऱ्याच्या धर्माचा होता. मी माझ्या गोळ्यांना मेण आणि वनस्पती तेल लावते. बार तितकाच चांगला उडतो.

अंतराची मर्यादा मी कागदावरून ठरवली. 100 यार्डांवर नेम जुळवला तर 150 वर ही गोळी जवळजवळ फूटभर खाली पडते. अंतराचा अंदाज थोडा चुकला की वार पोटात. मागच्या चौकटीऐवजी बारीक छिद्राची पीप साइट बसवल्यावर माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना माशी स्वच्छ दिसू लागली, तरी उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून प्रत्येक गोळी ताटलीएवढ्या जागेत बसण्याची खात्री 75 यार्डांपर्यंतच होती. म्हणून 75 च्या पुढे चाप ओढायचा नाही असं ठरवून टाकलं.

हंगामात दुपारचे ढग भरून यायचे. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली होती, ती बार उडताना आपोआप फाटते. डोक्यावर आणि अंगात नियमाप्रमाणे भडक केशरी रंग. एकदा मादी शंभराच्या पुढे बराच वेळ उभी राहिली, मी बंदूक उचलली नाही. नंतर एका सकाळी झाडीच्या कडेने कळप उतरला आणि शेवटची मादी साठेक यार्डांवर पूर्ण आडवी थांबली. बारानंतर पांढऱ्या धुराने समोरचं काही दिसत नाही, म्हणून सोबत आलेले शेजारचे शिक्षक मुद्दाम बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले होते. तिने कुठे उडी घेतली ते त्यांनी पाहिलं. मी जागेवरच पुन्हा बार ठासला आणि आम्ही अर्धा तास थांबलो. ती जवळच पडलेली होती. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून जाऊन पलीकडच्या कातडीखाली चपटी होऊन अडकली होती. इतक्या महिन्यांची निवड बरोबर निघाली याचा मला मनापासून आनंद झाला. आणि त्या जनावराला फार वेदना झाल्या नाहीत, याचा त्याहून जास्त.

मांस काढताना जखमेभोवतीचं वीतभर मांस सरळ टाकून दिलं. मंद गतीच्या जड गोळीचे रायफलीच्या वेगवान गोळीइतके तुकडे होत नाहीत, पण शिसं ते शिसंच. घरात लहान मुलं असतील तर या बाबतीत हात आखडू नका, किंवा तांब्याची गोळी वापरून बघा. मात्र तिची लांबी जास्त असते, म्हणून नळीचा पीळ आधी तपासा.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि रात्रीत गंज धरते. म्हणून कितीही दमलेली असले तरी नळी त्याच संध्याकाळी धुते. निपल काढून टाकायची, बूड गरम साबणाच्या पाण्यात ठेवायचं, गजाला चिंधी लावून पंपासारखं वर-खाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरडी करून तेलाचा हात. पुढच्या वेळी ठासण्याआधी हे तेल पूर्ण पुसून, बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून एक-दोन नुसत्या केपा उडवायच्या. निपलमध्ये तेल राहिलं तर केप फुटते पण बार उडत नाही.