फलाट मोकळा दिसत असतानाच बंद होणारे फाटक

ऐन गर्दीच्या वेळी भुयारी रेल्वे स्थानकाचे प्रवेशद्वार बंद केले की बाहेर अडकलेला प्रवासी चिडतो आणि त्याची चीड समजण्यासारखीही असते. तरीसुद्धा गर्दी हाताळण्याच्या सर्व उपायांत माणसांना जमिनीवरच थोपवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. भुयारातल्या फलाटाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रूळ आणि बाहेर पडायला मोजकेच जिने असतात. त्याची रुंदी वाढवायची तर बोगदाच नव्याने खणावा लागतो.

समजा, प्रत्येक गाडीसाठी ३०० माणसे फलाटावर येतात आणि चढायला जागा मिळते २५० जणांना. मग दहा गाड्या सुटेपर्यंत ५०० माणसे साचलेली असतात. प्रत्यक्षात परिस्थिती याहून वेगाने बिघडते, कारण गर्दीमुळे चढउतार लांबते, दारे पुन्हा उघडावी लागतात, गाडी उशिरा सुटते आणि मागची गाडी बोगद्यातच ताटकळते. लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गावर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या, म्हणजे दर १०० सेकंदांनी एक गाडी, असे वेळापत्रक आहे. तिथे एका दारापाशी गेलेले २० सेकंदसुद्धा फार महाग पडतात.

शिवाय प्रवेशद्वार बंद केल्याचा परिणाम फलाटावर लगेच दिसत नाही. तिकीट फाटक ओलांडून जिन्यांवर आणि बोळांत आधीच पोहोचलेली माणसे त्यानंतरही काही मिनिटे खाली येतच राहतात, म्हणून फलाटावर अजून मोकळी जागा दिसत असतानाच निर्णय घ्यावा लागतो. प्रवाशाला तो अन्यायाचा वाटतो तो नेमका याच कारणाने. सरकत्या जिन्याला तर खाली काय चालले आहे याचा पत्ताच नसतो. पायथ्याशी जागा उरली नाही तरी तो माणसे आणून ओततच राहतो, त्यामुळे खाली जाणारा जिना वेळीच थांबवावा लागतो.

जिन्यावरची गर्दी गाडीविनाही जीवघेणी ठरते. ३ मार्च १९४३ रोजी लंडनच्या बेथनल ग्रीन या अर्धवट बांधलेल्या स्थानकात हवाई हल्ल्यापासून आसरा घ्यायला उतरणाऱ्यांपैकी कोणीतरी पायऱ्यांवर अडखळले आणि मागच्या रेट्याखाली १७३ जण गुदमरून मरण पावले.

बाकीचे उपाय त्या मानाने सौम्य आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्याच होबर्न स्थानकात सरकत्या जिन्याच्या दोन्ही बाजूंनी उभे राहण्याचा प्रयोग झाला. उंच जिना चालत चढणारे थोडेच असल्याने डावी बाजू रिकामी जात होती. दोन्ही बाजू भरल्यावर जास्त माणसे वर गेली, पण घाईतल्यांना ते रुचले नाही आणि तो नियम कायम झाला नाही. बार्सिलोनात काही ठिकाणी रुळांच्या दोन्ही बाजूंना फलाट आहेत, म्हणजे एकीकडून उतरायचे आणि दुसरीकडून चढायचे. कल्पना उत्तम, पण ती बांधकामाच्या वेळीच सुचायला हवी. फलाटाच्या कडेची सरकती दारे माणसाला रुळांवर पडण्यापासून वाचवतात, मात्र फलाटाची जागा तसूभरही वाढवत नाहीत.

माझी तक्रार बंद दारामागच्या शांततेबद्दल आहे. दार का बंद आहे, साधारण केव्हा उघडेल आणि जवळचे दुसरे स्थानक चालत किती दूर आहे, एवढे बाहेर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने मोठ्याने सांगितले, तर रांगेतले काही जण तरी आपणहून दुसऱ्या वाटेला लागतील.