सेल्स टॅक्सवरही कापली जाणारी फी: एट्सी आणि ईबेवर विकणाऱ्यांसाठी हिशेब

एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवर विकलेली एक पितळी समई घ्या. किंमत ६० डॉलर, पाठवणावळ ५ डॉलर, गिऱ्हाईक न्यूयॉर्क शहरातलं. तिथला सेल्स टॅक्स, म्हणजे विक्रीकर, ८.८७५ टक्के आहे. करपात्र वस्तूच्या पाठवणावळीवरही न्यूयॉर्क राज्य कर लावतं, म्हणून ६५ डॉलरवर ५.७७ डॉलर कर होतो. गिऱ्हाइकाच्या कार्डावरून ७०.७७ डॉलर जातात. त्यातले ५.७७ एट्सी बाजूला काढते आणि परस्पर राज्याकडे भरते. विक्रेत्याच्या खात्यात ते कधी पोचतच नाहीत. तरी पेमेंट प्रोसेसिंग फी, म्हणजे कार्डाचे पैसे घेऊन देण्याची फी, लागते ती ७०.७७ वर.

अमेरिकेतल्या दुकानांसाठी एट्सीची ही फी ३ टक्के अधिक २५ सेंट आहे. ७०.७७ वर ती २.३७ डॉलर होते. कर वगळून ६५ वर धरली असती तर २.२० झाली असती. फरक १७ सेंटचा. बाकीच्या कापणीत कर येत नाही. ट्रान्झॅक्शन फी, म्हणजे विक्रीवरचं कमिशन, ६.५ टक्के, ती वस्तूच्या किमतीवर ३.९० आणि पाठवणावळीवर ०.३३ अशा दोन ओळींत दिसते. वस्तू दुकानात मांडण्याची लिस्टिंग फी २० सेंट. सगळं वजा जाता हातात उरतात ५८.२० डॉलर. जाहिरातीचा खर्च आणि प्रत्यक्ष टपालखर्च यातून वेगळा जातो.

एट्सी हे लपवून करत नाही. कार्डाचं जाळं व्यवहार ओळखतं तो एकच आकडा म्हणून. गिऱ्हाइकाच्या बँकेला जाणारी इंटरचेंज फी पूर्ण ७०.७७ वर मोजली जाते. त्यातला कर किती आणि माल किती याच्याशी तिला देणंघेणं नसतं. गल्ल्यावर कार्ड घासणाऱ्या किराणा दुकानदारालाही हेच भोगावं लागतं. ऑनलाइन विक्रेत्याचं दुखणं वेगळं आहे: कर गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्याकडून काढली, पण त्या गोळा करण्याचा खर्च त्याच्याच खात्यावर राहिला.

हे झालं २०१८ नंतर. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०१८ ला निकाल दिला, की राज्यात दुकान किंवा गोदाम नसलं तरी राज्य विक्रेत्याला कर गोळा करायला लावू शकतं. मग राज्यांनी एकामागून एक असे कायदे केले, की बाजारपेठ चालवणारी कंपनीच कर घेईल आणि भरेल. मिझुरी यात सर्वांत शेवटी आलं, १ जानेवारी २०२३ पासून. राज्याराज्यांत रिटर्न भरत बसण्यातून छोटा विक्रेता सुटला, हा फायदा फार मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी पूर्वी ज्या ऑर्डरवर कर लागतच नव्हता, तिच्यावरही आता कराची आणि म्हणून जास्त फीची भर पडली.

खरं लक्ष द्यायला हवं ते ईबे या दुसऱ्या बाजारपेठेवर. तिथे पेमेंटची वेगळी फी नाही, सगळं फायनल व्हॅल्यू फी नावाच्या कमिशनमध्ये एकत्र आहे, आणि ही फी गिऱ्हाइकाने भरलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे करासकट, लागते. दर १३.६ टक्के धरा, वर १० डॉलरपुढच्या ऑर्डरला ४० सेंट. तीच समई, तेच गिऱ्हाईक: ७०.७७ वर ९.६२ अधिक ०.४०, एकूण १०.०२ डॉलर. तीच समई ओरेगनमधल्या पोर्टलंडला गेली, जिथे सेल्स टॅक्सच नाही, तर फी ९.२४. माल तोच, किंमत तीच, पण न्यूयॉर्कच्या ऑर्डरवर ७८ सेंट जादा. कार्डाच्या खर्चापुरती फी करावर लावणं समजू शकतं, पण बाजारपेठेचं पूर्ण कमिशन करावर लावायला मला तरी कारण दिसत नाही. अ‍ॅमेझॉनचं कमिशन, म्हणजे रेफरल फी, वस्तू, पाठवणावळ आणि गिफ्ट रॅपवर लागते, त्यांनीच मोजलेल्या करावर नाही. म्हणजे हे करता येतं.

किंमत ठरवताना सूत्र सोपं आहे: करामुळे वाढणारी फी म्हणजे फीचा दर गुणिले तुमच्या गिऱ्हाइकांचा सरासरी कर. सरासरी कर ७ टक्के निघाला तर एट्सीवर १०० डॉलरमागे २१ सेंट, ईबेवर ९५ सेंट. एट्सीवरच्या हाताने केलेल्या वस्तूला २१ सेंटसाठी किंमत बदलू नका. ईबेवर घाऊक आणून १० टक्के नफ्यावर विकत असाल, तर त्या १० मधला जवळजवळ एक टक्का असाच जातो. तो किमतीत धरलाच पाहिजे. सरासरी काढायला मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी पुरतात: एकूण कर भागिले करापूर्वीची एकूण विक्री. करमुक्त राज्यांतल्या ऑर्डरीही त्यात ठेवा, नाहीतर आकडा फुगतो. गिऱ्हाइकाकडून ‘टॅक्सवरची फी’ म्हणून वेगळी ओळ मात्र लावता येत नाही; वाढ करायची ती वस्तूच्या किमतीतच.

आता ज्या चुकांनी पैसा जातो त्या.

पहिली, वर्गवारीची. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर राज्याचा कर नाही आणि न्यूयॉर्क शहराचाही नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गिऱ्हाइकाला विकलेली सुती कुर्ती तुम्ही घरसजावटीच्या किंवा हस्तकलेच्या वर्गात टाकली असेल, तर कर आपोआप लागतो, कारण यंत्रणा वर्ग बघून कर लावते. गिऱ्हाईक नाहक ६.६२५ टक्के भरतं आणि त्यावर फी तुम्ही भरता. दागिने मात्र न्यू जर्सीत करपात्रच आहेत, त्यांना कपड्यांत घालू नका.

दुसरी, करमाफीच्या गिऱ्हाइकाला स्वतःच पैसे परत करण्याची. एखादं मंदिर किंवा पुनर्विक्री करणारा दुकानदार पन्नास समया घेतो आणि ‘आम्हाला टॅक्स लागत नाही, तेवढे परत करा’ असा निरोप पाठवतो. मागणी रास्त असते, पण कर तुमच्याकडे आलेलाच नसतो. तुम्ही अंशतः परतावा दिलात तर ते पैसे तुमच्या मालाच्या किमतीतून जातात. त्यांना करमाफीचं प्रमाणपत्र बाजारपेठेकडे नोंदवायला सांगा, तेही ऑर्डर देण्यापूर्वी. मग कर लागत नाही आणि करावरची फीही लागत नाही.

तिसरी, हिशेबाच्या वहीतली. एट्सीच्या मासिक सीएसव्हीमध्ये (हिशेबाच्या तक्त्याची फाइल) विक्रीची ओळ करासकट असते आणि गिऱ्हाइकाने भरलेला सेल्स टॅक्स खाली वेगळ्या ओळीत वजा असतो. फक्त विक्रीच्या ओळींची बेरीज केली तर उत्पन्न फुगतं. ती फाइल शॉप मॅनेजरमधून फायनान्सेस, मग पेमेंट अकाउंट, मग मंथली स्टेटमेंट्स असं जाऊन उतरवा आणि कराच्या ओळी बाजूला काढूनच बेरीज करा. फी मात्र जशी कापली तशी पूर्ण खर्चात घ्या, करावरचा तिचा भागही. अमेरिकेच्या प्राप्तिकर रिटर्नमधल्या धंद्याच्या तक्त्यावर, म्हणजे शेड्यूल सीवर, ती दहाव्या ओळीत, कमिशन आणि फीमध्ये जाते. तुम्हाला मिळालेली रक्कम प्राप्तिकर खात्याला कळवणाऱ्या १०९९-के फॉर्मवरचा आकडा फी कापण्यापूर्वीचा असतो. बँकेत जमा झालेल्या रकमेशी तो जुळणार नाही, जुळवायचा तो स्टेटमेंटशी.

इलिनॉयने २०२४ मध्ये कायदा करून कर आणि टिपवर इंटरचेंज घेण्यास मनाई केली. बँका न्यायालयात गेल्या, आणि लागू होण्याची तारीख १ जुलै २०२५ वरून १ जुलै २०२६ वर ढकलली गेली. विक्रेत्यांनी त्यावर फार भिस्त ठेवू नये. तो कायदा बँकेच्या इंटरचेंजबद्दल आहे. बाजारपेठ तुमच्याकडून घेते त्या फीचा दर तुमच्या त्यांच्याशी असलेल्या करारात आहे.

भारतातून विकणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्याकडे जीएसटी किमतीतच असतो, म्हणून १,१८० रुपयांच्या बिलावर २ टक्के गेटवे फी २३.६० होते आणि त्यातले ३.६० रुपये जीएसटीच्या १८० वर असतात. वर फीवर १८ टक्के जीएसटी, ४.२५ रुपये. नियमित नोंदणी असेल तर हे ४.२५ इनपुट क्रेडिटमध्ये (भरलेल्या जीएसटीची वजावट) परत घेता येतात, छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत नाही.

स्वतःच्या संकेतस्थळावर स्ट्राइप या पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेत असाल तर तिथेही २.९ टक्के अधिक ३० सेंट करासकट रकमेवरच लागतात, आणि माल परत आला तरी ती फी परत मिळत नाही. कर तुम्ही स्वतः भरता, त्यामुळे काही राज्यांत वेळेत भरल्याची सूट मात्र तुमची असते. टेक्सास ०.५ टक्का देतं. १०० डॉलर कर गोळा करताना २.९० डॉलर फी गेलेली असते, ५० सेंट परत येतात. ते सोडू नका. रिटर्न एक दिवस उशिरा गेलं तरी तेवढेही हातचे जातात, वर दंड बसतो.